आमचं राज्य आपलंच समजा

सात रस्ता, सोलापूर
मामांच्या चादरींच्या दुकानावरची माडी
(म्हणजे सध्याचा राजवाडा)

तीर्थस्वरूप युवराजदादास धाकट्या कल्लप्पाचा वाकून नमस्कार. ऋतुजावहिनींना वेगळा नमस्कार, कारण तुझ्यापर्यंत काहीही पोचवायचं तर ते त्यांच्या हातूनच जावं लागतं. तुझी कंबर आता कशी आहे? भट्टीपुढे फार वाकू नकोस. हॉटेल जोरात चाललं असेलच, टेंभुर्णीच्या चौकात भुकेल्या माणसांना काय तोटा! इकडे मामांचा गुडघा, मामींची साखर आणि दुकानातला पंखा, तिन्ही कुरकुरत पण चालू आहेत. माझ्या प्रकृतीचं विचारू नकोस. ती विचारण्यापलीकडे गेली आहे.

फोन करून पाहिले. दर वेळी वहिनी म्हणतात, "त्यांनी भट्टीवर हायत की भावजी, मागनं लावतेत." ते मागून अजून आलेलं नाही, म्हणून हे पत्र. सावकाश बसून वाच. तव्यावर काही असेल तर ते आधी उतरव, कारण हे वाचताना करपेल.

दादा, राज्य गेलं.

कुठलं राज्य म्हणून विचारशील. आपल्याला एकच होतं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मुळापासून लिहितो, कारण संकटात माणसाला मूळच आठवतं. श्नेकेनब्रुकचं राज्य म्हणजे सात रस्त्यावरून निघालास तर स्टेशन येईपर्यंत संपेल एवढं. दोन गावं, एक लाकूड कापायची गिरणी, अर्धा पूल (उरलेला अर्धा शेजारच्या राज्याच्या ग्राफ ओटोचा, ग्राफ म्हणजे तिकडचा सरदार) आणि माणसांपेक्षा जास्त बदकं. अख्ख्या जर्मनीची मोजणी झाली तेव्हा मोजणीदार जेवायला बसले आणि आपलं राज्य मोजायचं राहिलं, असं बाबा सांगायचे. ते तिथले राजपुत्र, पण तरुणपणी इथं सोलापुरात यंत्रमाग बसवायला आले, आजोबांच्या घरी जेवायला बसले आणि आईच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाऊन उठलेच नाहीत. पुढे आई तिकडची राणी झाली. आपण दोघं झालो तेव्हा बाबांनी कागदावर तुझं नाव ‘काय’ आणि माझं ‘कार्ल’ असं काहीबाही लिहिलं, पण आईने थोरल्याला युवराज आणि धाकट्याला आजोबांच्या नावाने कल्लप्पा म्हणायला सुरुवात केली आणि विषय मिटवला. शाळेसाठी आपल्याला मामांकडे ठेवलं. सुट्टीत राजपुत्र आणि एरवी दुकानात चादरींच्या घड्या, असं आपलं बालपण गेलं. मला घड्याच बऱ्या वाटायच्या.

बाबा गेले तेव्हा गादी तुझी होती. मी धाकटा, मला राज्याशी देणंघेणं नव्हतं. (धाकट्याला जुने कपडे मिळतात, जुनी सायकल मिळते. जुनं राज्य मिळाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.) हिल्डाबाई बाबांची चांदीच्या मुठीची काठी, म्हणजे गादीची खूण, घेऊन विमानाने पुण्याला, तिथून एस.टी.ने टेंभुर्णीला उतरली. ही आपल्या राज्याची दिवाण, खजिनदार आणि पोस्टमास्तर, तिघीही एकटीच. रस्त्यावरून चाकांची बॅग गडगडवत ती थेट तुझ्या हॉटेलात, गल्ल्यावरून पुढे, पार भटारखान्यापर्यंत आली. आणि तू हातात झारा धरून तिला तोंडावर तीन वेळा "नको" म्हणालास. कारण काय, तर कांदाभजीच्या वेळेला माणसाने राज्य घेऊ नये. मी तिथंच मिसळ खात होतो. तिने वळून काठी माझ्या हातात दिली. माझ्या दुसऱ्या हातात पाव होता, नाहीतर मीही हात जोडले असते.

तिकडची रीत तुला आठवते ना? कागद ओला होतो, उंदीर खातात, म्हणून श्नेकेनब्रुकात कागदाला किंमत नाही. राजाने स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून, दिवाणाच्या देखत, एक गोष्ट तीन वेळा बोलली की झाली. देणं असो, घेणं असो, नाकारणं असो, मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. लहानपणी तू मला याच रीतीने तुझी तुटकी बॅट दिली होतीस आणि हिल्डाबाईने साक्षीला उभं राहून मला ती परत करू दिली नव्हती.

तर एक हिवाळा मी तिकडे राज्य केलं. दादा, त्या थंडीत माझं खोबरेल तेल बाटलीत जे गोठलं ते मार्चपर्यंत सुटलं नाही. प्रजा चांगली आहे, पण बोलत नाही. सकाळी भेटली की टोपी उचलते आणि संध्याकाळी भेटली की ठेवते. मी परत आलो आणि इथूनच राज्य करू लागलो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मोबाईलवर दरबार भरतो. मागे चादरींचे गठ्ठे दिसतात, ते प्रजेला राजवाड्यातले पडदे वाटतात. मी सांगितलेलं नाही.

सगळं बिघडलं ते पुलामुळे. आपला अर्धा खचला. ग्राफ ओटो म्हणाला, समोरासमोर बसून ठरवू. माणूस सरळ आहे, फार सरळ, म्हणून तर मी मेलो. मी म्हणालो, मी काही आता थंडीत येत नाही, तुम्हीच या. तो हिल्डाबाईला घेऊन आला. केव्हा? मे महिन्यात! सोलापूरच्या मे महिन्यात, लोकरीचा कोट घालून! स्टेशनावर उतरला तेव्हाच त्याचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं होतं. मामांनी त्याला ताक पाजलं, डोक्यावर ओला पंचा टाकला आणि जेवायला बसवलं.

आता ऐक, कारण इथून माझं बुडणं सुरू झालं. आपल्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढतात. त्यांच्याकडे ताटात पडलेलं टाकत नाहीत. एक बाजू थांबल्याशिवाय दुसरी थांबणार नाही आणि दोन्ही बाजू खानदानी. मामींनी शेंगाची पोळी वाढली, ग्राफने संपवली. मामींनी वाढली, त्याने संपवली. मी जर्मनमध्ये हळूच सांगितलं की थोडी टाका, तर तो दुखावून म्हणाला की यजमानाच्या अन्नाचा अपमान तो करणार नाही. मी मामींना सांगितलं की पुरे, तर मामी माझ्यावरच उखडल्या. "अय्यय्यो, वाढ की रे! लाजू लालेत त्यांनी. जर्मनीहून आलेत, उपाशी धाडतोस व्हय?" ग्राफने पट्टा एक भोक सैल केला, मग दुसरं, मग पट्टा काढून शेजारी ठेवला. पण पोटात एवढं गेल्यावर माणूस मऊ होतोच. हात धुता धुता म्हणाला, पुलाचा सगळा खर्च मी करतो, फक्त आता मला आडवं होऊ द्या.

मला हर्ष झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी राज्यकर्ता म्हणून काही कमावलं होतं. मामांनी त्याला हॉटेलवर सोडायला रिक्षा बोलावली. मी त्याला पोचवायला खाली दारापर्यंत आलो. मागे हिल्डाबाई, तिच्या मागे मामी. आणि निघत्या पाहुण्याला आपण काय म्हणतो? मी म्हणालो. जर्मनमध्ये म्हणालो, मनापासून म्हणालो, की जे काही आमचं आहे ते आपलंच समजा. ग्राफ थबकला. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो थबकलेला पाहून मामींनी मला कोपर मारलं. "एकदाच म्हनत्यात व्हय? पाव्हण्याला खरं वाटंना झालंय." मी दुसऱ्यांदा म्हणालो. ग्राफने हिल्डाबाईकडे पाहिलं. हिल्डाबाई पांढरी पडली होती, ते मी उन्हाचं समजलो. तेवढ्यात रिक्षाजवळून मामा ओरडले, "आरं कल्लप्पा, नीट सांग की त्यास्नी, संकोच नगं म्हनावं!" मी छातीवर हात ठेवून तिसऱ्यांदा म्हणालो.

माझे पाय कुठे होते हे तुला सांगायला नको. मामींनी सकाळीच हळदकुंकू लावलेल्या उंबऱ्यावर.

ग्राफने टोपी काढली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की भारतीय माणूस दिलदार असतो हे त्याने ऐकलं होतं, पण इतका असेल असं वाटलं नव्हतं. आणि रिक्षात बसून गेला, राज्य घेऊन.

मी संध्याकाळी त्याच्या हॉटेलवर धावलो. सांगितलं की बाबा रे, हे आमच्यात नुसतं म्हणायचं असतं, रोज म्हणतो, गॅसची टाकी आणणाऱ्याला पण म्हणतो. त्याला काही पटेना. राजाचं बोलणं नुसतं कसं असेल? बरं, परत कर म्हटलं तर मिळालेलं दान परत करणं म्हणजे त्यांच्यात भांडण. मागे कोणी एकदा असं केलं तेव्हा दोन राज्यांत लढाई झाली आणि एक बदक ठार झालं. हिल्डाबाईला विनवलं, तर ती म्हणाली, शब्द तीन वेळा पडला, मी ऐकला, माझे कान अजून शाबूत आहेत. असं म्हणून रडली.

दादा, राज्य गेल्याचं मला काही नाही. थंडी गेली, दरबार गेला, सुटलो, असंच म्हणालो असतो. पण पुलाच्या वरच्या चढाचं काय? ग्राफला तिथं पर्यटकांच्या बस उभ्या करायला सपाट जागा करायची आहे. त्या चढावर आई आहे. आपण तिला आपल्या लिंगायत रीतीने बसवून माती दिली, आठवतं ना? गोठलेली जमीन तू आणि मी कुदळीने फोडत होतो, बाबा पावसात छत्री न घेता उभे होते, आणि पुढे त्यांनी चर्चमधली घराण्याची जागा सोडून हट्टाने तिच्या शेजारची जागा घेतली. मी हे सांगितल्यावर ग्राफ हळहळला. म्हणाला, दोन्ही दगड मानाने उचलून दुसरीकडे नेऊ. दगड नेशील रे, पण आई बसली आहे तिथं! तिला ऊठ म्हणून कोण सांगणार? सोलापूरच्या बाईला त्या बर्फात एक जागा मिळाली होती, ती तिच्या धाकट्याने भरल्या पोटी, दारात उभं राहून देऊन टाकली. हे लिहिताना मला रडू येतंय आणि मामी विचारतायत, शेंगाची पोळी उरली आहे, खातोस का.

तू ग्राफचा लहानपणचा दोस्त. त्याच्या बागेतली सफरचंदं दोघांनी मिळून चोरली होती (बाग त्याचीच असूनही). तू येऊन त्याच्याशी बोल. तुझं तो ऐकेल. थोरल्याने यावं आणि धाकट्याने केलेलं निस्तरावं, हे आपल्या घरात काही पहिल्यांदा होत नाही. भट्टी वहिनींवर सोपव आणि ये. मला दुसरा आधार नाही.

मामामामींचा तुम्हां दोघांना आशीर्वाद.

तुझा, राज्य नसलेला,
कल्लप्पा

ता. क. – पत्र बंद केलं होतं, ते उघडलं. सकाळी मामी उंबरा सारवून रांगोळी काढत होत्या. हिल्डाबाई पायरीवर बसून बघत होती. एकदम तिने विचारलं, हे दर घराला असतं का? मी म्हणालो, घराला असतंच. ती उठली. म्हणाली, टेंभुर्णीला माझी बॅग रस्त्यापासून भटारखान्यापर्यंत एकदाही न उचलता गेली होती.

दादा, तुझ्या हॉटेलला शटर आहे. उंबरा नाही.

ता. क. दुसरा – म्हणजे तू "नको" म्हणालास ते मोजलंच जात नाही. म्हणजे मी राजा कधी नव्हतोच. मग जे माझं नव्हतं ते मी देणार कसं? हिल्डाबाईने ग्राफला हे सांगितलं तेव्हा त्याने टोपी घातली आणि सुस्कारा सोडला. त्यालाही तो खचलेला पूल नकोच होता. आईला कोणी हलवत नाही. मी मामींना मिठी मारली. त्या म्हणाल्या, अंघोळ करून ये. वर लिहिलेलं सगळं रद्द समज, फक्त नमस्कार ठेव. आणि आई आता तुझ्या राज्यात आहे, तेव्हा हिवाळ्यात तिच्या दगडावरचा बर्फ झाडायला तू जायचं आहेस. बाबा रोज झाडायचे.

ता. क. तिसरा – वरचं सगळं कालचं. हे पत्र आज बिरुदेव ड्रायव्हर तुझ्या हातात देईल. वाचून मान वर केलीस की त्याच्या गाडीतून दोन पाहुणे उतरताना दिसतील. बाईंच्या हातात काठी असेल. दोघांना जेवायला घाल, आणि वहिनींना सांग, साहेबांना आग्रह करू नका. पुन्हा नीट ‘नको’ म्हणायला म्हणून त्यांना तुम्ही राहता त्या मागच्या खोलीत न्यायचं मनात आणू नकोस, तिथंही गाडा लोटायला सोपं म्हणून तू फरशी सपाट केली आहेस, मी पाहिलं आहे. आणि तुझ्या नेहमीच्या सुताराला फोन करून घाईने उंबरा बसवशील, तर त्याला मी पहाटेच इथं बोलावून घेतलंय. मामांच्या दुकानात कपाटं करतोय. काम बरंच आहे.