राजदीपच्या रिलेचा मंद अपलोड

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी साहेब,
ब्रॉडबँड व दूरध्वनी सेवा,
गोंदिया.

अर्जदार : कु. अल्का केवळराम शहारे, प्राथमिक शिक्षिका,
रा. पळसटोला, ता. तिरोडा, जि. गोंदिया.

विषय : भाऊ राजदीप केवळराम शहारे याच्या नावे असलेल्या घरगुती जोडणीचा अपलोड वेग मंद असल्याबाबत, व दुरुस्तीसाठी सध्याच्या ठेकेदाराऐवजी दुसरा माणूस पाठविण्याबाबत.

संदर्भ : राजदीपने आपल्या कार्यालयास वेळोवेळी दिलेले अर्ज. उत्तर अप्राप्त.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदाराचा धाकटा भाऊ राजदीप हा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन एका खाजगी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचा सहायक होता. आमचे घर बौद्ध मोहल्ल्याच्या शेवटी, श्री. दुर्गाप्रसाद यांच्या राइस मिलच्या भिंतीला लागून आहे. मागच्या खोलीत धानाची पोती आणि पोत्यांच्या आडोशाला राजदीपचा संगणक, अशी मांडणी होती. मिलचा कोंडा खिडकीतून येऊन संगणकाच्या पंख्यात बसायचा आणि राजदीप दर रविवारी दाढीच्या जुन्या ब्रशने तो झाडायचा. त्याला दुसरे व्यसन नव्हते, हे नमूद करणे आवश्यक वाटते, कारण पुढे त्याच्याबद्दल गावात बरेच काही बोलले गेले.

२. सन २०१२ च्या रोवणीत चोरखमारा तलावाच्या कालव्याचे पाणी दुर्गाप्रसाद यांच्या धानाच्या बांध्यांवरच अडले आणि कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उभ्या जागी वाळले. राजदीपने ही गोष्ट फोटोसह इंटरनेटवर लिहिली आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव टाकले. त्याला ग्रामपंचायतीपुढे बोलावून कान धरायला लावण्यात आले. लिहिलेले खोटे आहे असे तेथे कोणी म्हटले नाही. दुर्गाप्रसाद खुर्चीवरून एवढेच म्हणाले, "नाव लिवलास हे बरा केलास. नाहीत आमी कोनाले बोलावलो असतो?" लोक हसले. राजदीप घरी येऊन जेवला, आईशी धानाच्या गोष्टी बोलला, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेले नाही. नाव सांगितल्यावर ज्याला मार बसतो त्याने बोलावे तरी कसे, हे तो नंतर बरेच दिवस शोधत राहिला.

३. शोधता शोधता त्याला टोर नावाचे जाळे सापडले. आपण या विषयातले अधिकारी आहात, तरी राजदीपने अर्जदारास समजावले तसे येथे लिहिते. या जाळ्यात जगभरातले लोक आपापल्या घरचा संगणक चालू ठेवतात. एखाद्याचा निरोप अशा तीन घरांतून हातोहात जातो, म्हणून तो कोणी धाडला आणि कोठे पोचला, हे वाटेतल्या एकालाही पूर्ण कळत नाही. अशा प्रत्येक घराला रिले म्हणतात. राजदीपचा रिले मधला होता. त्याला आधीचे घर ठाऊक, पुढचे घर ठाऊक, बस. कोणत्याही संकेतस्थळावर आमच्या घरातून थेट काहीही जात नव्हते. हे शेवटचे वाक्य त्याने पुढे अनेक ठिकाणी, अनेकांच्या पाया पडून सांगितले.

४. रिले सुरू झाला, पण वेग मिळेना. नव्या रिलेवर जाळे हळूहळू विश्वास ठेवते, म्हणून राजदीपने आधी धीर धरला. मग खांबापासून घरापर्यंतची तार पाहिली, हिरवे पडलेले सांधे कापून नवे केले. आईच्या खोलीतला जादा फोन काढला. संगणकाचे घड्याळ जुळवले. वेगाची मर्यादा स्वतःहून खाली आणली, म्हणजे थोडे का होईना पण सलग जाईल. डाउनलोड बरा होता. अपलोड मात्र उन्हाळ्यातल्या नळासारखा, मध्येच थेंब, मध्येच हवा. रिलेला दोन्ही सारखे लागतात. जेवढे येते तेवढेच पुढे द्यायचे असते. यास्तव त्याने आपल्या कार्यालयात पहिला अर्ज दिला.

५. त्या अर्जावर लाइनमन मंगरू आला. त्याने मॉडेमच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून तो कारखान्यातून आला तसा कोरा केला आणि विचारले, "कायले लागते जी तुमाले एवढा अपलोड? लोकं त पायतेत. पाठवते कोन?" राजदीपने सरळ मनाने सगळे सांगितले. मंगरूने पुन्हा विचारले, "मंग हा कोनाचा काम चालून राहिला तुमच्या घरून?" राजदीप म्हणाला, "मले नाही माहीत. माहीत नाही होत, तेच त काम आहे." तो हे हसून म्हणाला. संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर हेच वाक्य मंगरूच्या तोंडून वेगळे निघाले : राजदीपच्या घरून कोन येते, कोन जाते, त्याले बी मालूम नाही म्हन्ते. दुसऱ्या दिवशी बायका आमच्या दारावरून डोक्यावर पदर घेऊन जाऊ लागल्या.

६. वेग काही वाढला नाही. एका दुपारी राजदीपने रिले बंद केला, संगणकाची तारही काढून ठेवली आणि मॉडेमपुढे मांडी घालून बसला. घरात काहीही चालू नसताना मॉडेमचे दिवे नाचतच होते. त्याने तार पुन्हा जोडून मॉडेमच्या आतली यादी पाहिली, तर वायफायवर कोणाचा तरी फोन लागलेला. राजदीप स्वतः तारेने जोडायचा, वायफाय वापरायचाच नाही. पण टाचणी खुपसली की वायफाय आपोआप सुरू होत होते, आणि मंगरूने गावभर पासवर्ड एकच ठेवला होता, एक ते आठ आकडे. राजदीपने वायफाय बंद केले. रिले त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वेगाने चालला. त्याने आईला हाक मारून दाखवले, आईला काही कळले नाही, तरी ती म्हणाली, "पळते रे बापा!" दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला : आपली जोडणी एक परका फोन वापरत होता, त्याचा मॉडेममध्ये दिसणारा यंत्र-क्रमांक हा, आपण स्वतः चालवतो ते एवढेच, व यापुढे मॉडेम कृपया कोरा करू नये. काही लपवायचे नसल्यामुळे त्याने रिलेची सर्व माहिती त्यात लिहिली. तो अर्ज आपल्या कार्यालयाने वाचला नाही, पण जपून ठेवला.

७. पुढे विजेच्या कडकडाटात लाइन गेली. मंगरू दुरुस्तीला आला तेव्हा राजदीप महाविद्यालयात होता. आई म्हणाली, "राजदीपले येऊ दे." मंगरू म्हणाला, "एका मिनटाचा काम आहे, माय," आणि टाचणी खुपसून गेला. त्याच आठवड्यात गावातली मुलगी साक्षी, वय सतरा, हिचा फोटो अत्यंत घाणेरड्या मजकुरासह इंटरनेटवर टाकण्यात आला. साक्षीचे वडील भोजराज हे दुर्गाप्रसाद यांच्या मिलमध्ये हमाल आहेत. पोलिसांच्या चौकशीत तो मजकूर आमच्या जोडणीवरून गेल्याचे निघाले. आपल्या कार्यालयाने तत्परतेने राजदीपचा अर्ज काढून दिला. त्यातील परक्या फोनचा परिच्छेद कोणी वाचला नाही. 'नाव झाकणारे जाळे मी स्वखुशीने चालवतो' हे वाक्य मात्र लाल शाईने अधोरेखित होऊन गावात परत आले.

८. बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, माणसे आमच्या घरी आली. पुढे भोजराज होते, आणि त्यांच्याही पुढे दुर्गाप्रसाद यांचा मुलगा लोकेश, कारण संगणक कोणत्या खोलीत आहे ते त्याला ठाऊक होते. राजदीपने भोजराज यांना पहिला प्रश्न केला, "काका, पोरीचा फोटो तिथून काढला का?" भोजराज क्षणभर थांबले. त्यांना रडू फुटत होते. लोकेश मागून ओरडला, "पाहा, त्यालेच फिकर पडली!" मग कोणी थांबले नाही. संगणक बोडीच्या पाण्यात फेकण्यात आला. राजदीपचा उजवा हात उंबऱ्यावर धरून लोकेशने दार लावले, उघडले आणि पुन्हा लावले. "याच हातानं लिवला ना बे?" अर्जदार तेव्हा आईला धरून उभी होती. आई ओरडत नव्हती, ती फक्त दाराची कडी हातात घट्ट पकडून मागे ओढत होती, आणि लोकेशचे बळ जास्त पडत होते.

९. यानंतर चौकशी अधिकारी बदलले. नवीन अधिकाऱ्यांनी तो परिच्छेद वाचला आणि परक्या फोनचा क्रमांक ताडून पाहिला. फोन लोकेशचा निघाला. दवाखान्यात ही बातमी समजल्यावर राजदीप पहिल्यांदा पोटभर जेवला. परंतु भोजराज यांनी तक्रार मागे घेतली. पोरीचे नाव कागदावर नको आणि मिलमधले काम जायला नको, असे ते अर्जदारास म्हणाले. मान वर न करता म्हणाले. प्रकरण 'गैरसमजातून' या शब्दाने मिटले. साक्षीला बारावीच्या वर्गातून काढून छत्तीसगडात देण्यात आले. तिला कोणी विचारले नाही. ती जाताना गावाने अक्षता टाकल्या, आणि मांडवात लोकेश पंगत वाढत होता. राजदीपच्या उजव्या हाताची तीन बोटे आता वळत नाहीत. महाविद्यालयाने कळवले की संगणकाच्या कामास धड हात असणारी व्यक्ती लागेल. गावाच्या दृष्टीने फोटो टाकणारा अजून राजदीपच आहे. खरे ठाऊक असलेलेही तसेच म्हणतात. तसे म्हणणे सोपे पडते.

१०. मागील दिवाळीनंतर राजदीपने जुना संगणक आणून डाव्या हाताने रिले पुन्हा सुरू केला. अर्जदाराने त्याला रागाने विचारले, "काऊन रे? अजून का पाहाचा आहे तुले?" तो म्हणाला, "कोनाले तरी लागत असन ना, बाई." वेग पुन्हा मंद. त्याने फोनवर तक्रार नोंदवली. आपल्या सेवेचे गावातील देखभालीचे काम आता ठेक्याने दिलेले आहे, आणि मंगरू निवृत्त झाल्यापासून ठेकेदार लोकेश आहे. तो अवजारांची पिशवी घेऊन आला. राजदीपच्या खाटेवर बसला. "बोल भाऊ, का तरास आहे?" राजदीप उठला आणि त्याने डाव्या हाताने त्याला पाण्याचा गिलास दिला. आमच्या घरात आलेल्याला पाणी देतात. लोकेश पाणी प्यायला, टाचणी खुपसून "आता चालन," म्हणाला आणि 'दोष नाही' असे लिहून आईचा अंगठा घेऊन गेला. आईला सही येते. त्याने विचारले नाही.

तो गेल्यावर राजदीपने वायफाय बंद केले. थोड्या वेळाने मिलच्या भिंतीवरून लोकेशची हाक आली, "ए, बंद कायले केला बे? चालू ठेव." राजदीप पोत्यांपाशी उभा होता. अर्जदार त्याच्याकडे पाहत होती आणि तो अर्जदाराकडे पाहत नव्हता. मग तो खाली बसला आणि डाव्या हाताने वायफाय सुरू केले. तेव्हापासून ते चालू आहे. भिंतीपलीकडून उद्या कोणाच्या मुलीचा फोटो जाईल आणि दार कोणाच्या हातावर लागेल, हे त्याला माहीत आहे. त्याने रिले बंद केला आहे आणि दिवसभर मॉडेमचे दिवे पाहत बसतो. दिवे जोरात नाचू लागले की तो उजवा हात पोटाशी घेतो.

११. सबब विनंती की, (अ) सदर जोडणीच्या दुरुस्तीसाठी गोंदियाहून दुसरा कोणताही माणूस पाठवावा. (आ) ते शक्य नसल्यास जोडणी कायमची तोडावी. तोडण्याच्या अर्जावर राजदीप सही करत नाही. ठेकेदाराला राग येईल असे तो म्हणतो. म्हणून अर्जदाराची सही ग्राह्य धरावी.

दयेची नव्हे, फक्त दुसऱ्या माणसाची अपेक्षा ठेवून,

अर्जदार,
(सही)
अल्का केवळराम शहारे

स्थळ : पळसटोला
दिनांक : ९ मार्च २०१५

सोबत : १) राजदीपच्या उजव्या हाताबाबत वैद्यकीय दाखला.
२) आईच्या सहीचा नमुना.

ता.क. — आपल्या कार्यालयात आलेले अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित ठेकेदाराकडे जातात, असे समजते. हा अर्ज तसा पाठवायचाच असल्यास वरील व खालील नाव कापून पाठवावे. उत्तर डाकेने देऊ नये. पळसटोल्याची डाक राइस मिलच्या ऑफिसात वाटली जाते.