स्मरणिकेचं पान चौदा

१८ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. नियमितपणा हाच संशोधनाचा पाया. पहाटे साडेपाचला फिरायला, चहात साखर बंद.

रसायनशास्त्राचा विभागप्रमुख तर मी आहेच, पण गेल्या जूनपासून कॉलेजच्या उद्योग-समन्वय कक्षाचा संचालकही आहे. अमरावतीत प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधला पूल कोणी असेल तर तो मीच. आतापर्यंत तेवीस सामंजस्य करार केले. त्यातला एक मंगल कार्यालयाशी आहे म्हणून स्टाफरूममध्ये हसतात. हसू देत.

दुपारी रागिणी खेरडे आली. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मोर्शीची, वडील देवमन यांची तिथे संत्र्याची बाग आहे. चार वर्षं ती धावड्याचा डिंक आणि जवस यांचा लेप तयार करते आहे. तो संत्र्यावर पातळ बसला की दहा दिवसांत मऊ पडणारं फळ महिनाभर टिकतं. माझ्या टेबलावर तिने दोन संत्री ठेवली, एक लेपाचं, एक बिनलेपाचं. दोन्हींना तारखेची चिठ्ठी.

म्हणाली, सर, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत प्रमाण कोणालेच सांगू नका, एकदा बाहेर फुटलं का मग पेटंट भेटत नाही. नागपूरचा एजंट तिनेच शोधला. कॉलेजचं ना-हरकत पत्र तेवढं हवं, माझ्या सहीचं. पेटंट झालं की वडिलांच्या शेडमध्ये स्वतःचा लेपाचा कारखाना टाकायचा तिचा बेत आहे. गावातल्या सहा बायका तयार आहेत म्हणे.

पत्र टाइप होऊन समोर होतं. पेनही हातात होतं. पण एवढी मोठी गोष्ट अशी चहाच्या कपाशेजारी उरकायची? स्टेजवर देऊ. छोटासा समारंभ करू.

२६ नोव्हेंबर
फिरणं अजून सुरू नाही. थंडी.

रागिणीला घेऊन अकोल्याच्या एमआयडीसीत गेलो. मूर्तिजापूरला चहा घेतला, साखरेचा. प्रवासातला धरत नाही.

चंदनशेठची फळं पॅक करण्याची कंपनी. रोज दिल्ली-कोलकात्याला गाड्या जातात. मी चाळीस मिनिटं नवोन्मेषावर बोललो. शेठनी मन लावून ऐकलं, मधूनमधून डोळे मिटून. मग रागिणीला दोनच प्रश्न विचारले. किती दिवस टिकते, आणि कशाकशापासून बनवता. पहिल्याचं उत्तर तिने दिलं. दुसऱ्याला म्हणाली, पेटंटचा नंबर आला का सांगतो.

मला अवघडल्यासारखं झालं. शेठ मात्र हसले. म्हणाले, पोरगी पक्की हाय. अर्जाचा नंबर आणा, त्याच दिवशी करार करतो, लेप मोर्शीवरूनच घेऊ, खोक्यावर नाव तुमच्या लेपाचंच राहीन.

परतताना मी तिला समजावलं की उद्योगाशी मोकळेपणाने वागावं, विश्वास हाच सहकार्याचा पाया. बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असावी.

९ डिसेंबर
बिनलेपाचं संत्रं सडलं, शिपायाने टाकलं. लेपाचं टणक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाबून बघायला देतो.

समारंभ वीस तारखेला. हार, शाल, बॅनर सांगून झालं.

रागिणी पत्रासाठी तिसऱ्यांदा आली. म्हणाली, सर, पत्र आत्ता द्या, स्टेजवर झेरॉक्स द्या. ही पिढी हुशार आहे, पण औचित्य कळत नाही. झेरॉक्स देतानाचा फोटो कसा दिसेल?

१९ डिसेंबर
प्रमुख पाहुण्यांना उद्या जमत नाही. समारंभ आता अठरा जानेवारीला. एका अर्थी बरंच झालं, त्याच आठवड्यात मूल्यांकन समिती येते आहे. पत्र कपाटात सुरक्षित.

रागिणीला फोनवर कळवलं. तिने तारीख दोनदा विचारली. रेंजचा प्रॉब्लेम. मग म्हणाली, बरं सर.

अनुपमाने रात्री विचारलं, काय चाललंय इतकं. बायको जिल्हा न्यायालयात वकील आहे, पण तिचं सगळं शेतजमिनीच्या वाटणीचं काम. संशोधनातलं तिला काय सांगणार. नवीन वर्षापासून फिरायला नक्की.

७ जानेवारी
दगदग. समारंभाची स्मरणिका उद्या छापायला जायची आणि साडीच्या दुकानवाल्याने आयत्या वेळी जाहिरात काढून घेतली. पान चौदा कोरं. प्राचार्यांचे फोटो आधीच चार आहेत, पाचवा बरा दिसत नाही.

तासभर विचार केला आणि सुचलं. रागिणीचा अहवाल फाइलमध्ये होताच. त्यातला तक्ता पूर्ण दिला: डिंक किती, जवस किती, किती तापवायचं, किती वेळ सुकवायचं. समितीला पुरावाच लागतो. शेजारी माझा फोटो, हातात तेच संत्रं. आता जरा सुरकुतलंय, पण फोटोत कळत नाही.

तिने कोणाला सांगू नका म्हटलं होतं, ते लक्षात आहे. पण मी कोणाला सांगितलेलं नाही. आणि स्मरणिका कोणी वाचत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. पाचशे प्रती.

१८ जानेवारी, सायंकाळी
अविस्मरणीय. हॉल भरला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांची हजेरी हॉलमध्येच घेतली.

रागिणीला शाल, श्रीफळ आणि पत्र एकाच वेळी दिलं. फोटोग्राफर म्हणाला पुन्हा एकदा, म्हणून परत घेऊन पुन्हा दिलं. देवमनजी दुसऱ्या रांगेत होते, धुतलेल्या टोपीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

विशेष नोंद: चंदनशेठ आमच्या मागच्या खुर्चीवर बसून स्मरणिका वाचत होते. भाषणं सुरू असतानाही. पान चौदाचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. उद्योगजगत इतक्या आस्थेने आपलं साहित्य वाचतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रागिणीला ते दाखवलं तर ती उठून बाहेर गेली. भावना अनावर झाल्या असतील.

२१ जानेवारी
रागिणी नागपूरहून आली. उभीच राहिली. एजंटने विचारलं, हे कुठे छापून आलं आहे का. तिने पिशवीतून स्मरणिका काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने पान चौदा वाचलं, तारीख पाहिली आणि फाइल बंद केली.

मी म्हणालो, दाखवायची काय गरज होती. ती म्हणाली, सर, शेठनं फोटो काढला तवा मी तिथंच होती. लपवून कोणापासून लपवू?

मग म्हणाली, पत्र नोव्हेंबरात भेटलं असतं तं डिसेंबरात नंबर आला असता. मग छापलं असतं तरी चाललं असतं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला रागावता आलं असतं.

जेवताना अनुपमाला सहज सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, काहून छापलं? घरात वकील होती, मले एकदा विचारायचं तरी. मी म्हणालो, पान कोरं होतं. ती उठून ओट्याकडे गेली.

४ फेब्रुवारी
स्वतः पुढाकार घेऊन चंदनशेठना फोन लावला. पेटंट नाही तर नाही, करार करू म्हटलं. ते फार आदराने बोलले. म्हणाले, सर, आता करार कायचा करता? तुमचं पान आमच्या केमिस्टनं भिंतीले चिटकवलं हाय, दोन टाक्या चालू बी झाल्या. उपकार झाले तुमचे. स्टाफसाठी एक खोकं पाठवू का?

प्राचार्यांना कळवलं की उद्योगाने आपलं संशोधन स्वीकारलं. त्यांनी मीटिंगमध्ये ते जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, जरा वेळाने.

चहात साखर पुन्हा सुरू.

१५ मार्च
बाजारात अकोल्याच्या कंपनीची संत्री. चकचकीत, प्रत्येकावर स्टिकर. फळवाला म्हणाला, महिनाभर काई होत नाही याले. मी सांगणार होतो की हे आमच्याच कॉलेजचं. मागे गर्दी होती, पैसे देऊन निघालो. घरी अनुपमाने एकही खाल्लं नाही.

रागिणीने प्रबंध आणून दिला. मी लगेच, तिथल्या तिथे सही केली. चहाचा कप शेजारीच होता. तिने कपाकडे पाहिलं.

मोर्शीच्या शेडचं विचारलं. म्हणाली, डिंक लाडूवाल्याले देऊन टाकला. बायका पुन्हा तोडणीच्या कामावर गेल्या.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण त्या वेळी मी तिला म्हणालो ते वेगळंच होतं. म्हणालो, अपयश हाच यशाचा पाया.

२ जून
उद्योग-समन्वय कक्षाचा वार्षिक अहवाल. पेटंट: निरंक. तंत्रज्ञान हस्तांतर: निरंक. विद्यार्थ्यांचे उद्योग: निरंक. रोजगार: हा रकाना रिकामा ठेवणार तोच कळलं की रागिणी अकोल्याला चंदनशेठच्या कंपनीत लागली. लेपाच्या टाकीवर, बारा तासांची पाळी. भिंतीवरचं पान वाचून कामगारांना प्रमाण समजावून सांगते.

तिला मेसेज केला, नेमणूकपत्राची प्रत पाठव, फाइलला लागते. पाठवली. एरवी ती आधी नमस्कार सर लिहायची. या वेळी नुसतं पत्र.

रोजगार: एक.

१० जून
देवमनजी आले. मोर्शीहून एसटीने, उन्हातून. पिशवीत लिंबाचं लोणचं, माझ्यासाठी. मला वाटलं भांडायला आले. उठून उभा राहिलो, काय काय सांगायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं.

ते म्हणाले, सर, ते पुस्तक एक भेटन का? पोरीचं नाव छापून आलं म्हणते लोकं, घरी ठेवाले पाह्यजे. तिनं आपलं नागपूरलेच टाकून देलं.

एक प्रत द्यायला टेबलाखाली हात घातला. देण्याआधी पान चौदा उघडलं. तक्ता आहे. माझा फोटो आहे, नाव आहे, तीन पदव्या आहेत. संत्र्याच्या चिठ्ठीवरची तारीखसुद्धा वाचता येते. मी दोनदा वाचलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं पाहिली, आभारही पाहिले. मंडपवाल्याचं नाव आहे. रागिणीचं नाही. मला खात्री होती की घातलं होतं.

प्रत परत खाली ठेवली आणि म्हणालो, स्मरणिका संपल्या. टेबलाखाली चार गठ्ठे होते, माझे पाय त्यांच्यावरच होते.

देवमनजी खूश झाले. म्हणाले, संपल्या तं चांगलंच झालं सर. म्हंजे लोकायनं वाचलं.

मी हो म्हणालो.