गिरणीचा अर्धा राहिलेला शेवट

३ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिलं, निकिता हसली. चूक. हसली ती प्रियंका. निकिताने माझी ओढणी घट्ट धरली होती.

रविवारी वंदनेनंतर विहारात मुलांना भुताच्या रहस्यकथा वाचून दाखवते. काल थांबले ते बंद गिरणीचा पट्टा आपोआप फिरतो तिथे – मुद्दामच. मुलांचे श्वास अडकतात ते मला फार आवडतं. मला घरीच शिकवणाऱ्या आत्याचा नियम मात्र वेगळा – "भूत पकडल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही."

९ नोव्हेंबर, रविवार

शेवट वाचला. गिरणीमालकाचा भाचाच मागे लपून पट्टा ओढायचा. सगळे सुटल्यासारखे हसले. निकिता नव्हती. तिच्या घरी, तांड्यावर गेले. तिची आजी बसंतीबाई म्हणाली, "मंगळवारीच गेले ना ट्रकात, लातूरकडे. ऊस तोडाले. आता उन्हाळ्यातच येतीन."

१२ नोव्हेंबर

निकिताच्या आईचा फोन. ऊसतोड्यांच्या खोपीजवळ शेतमालकाची कडबा कापायची मशीन आहे. तिचा पट्टा फिरला की पोरगी रडते, एकटी बाहेर जात नाही. "कायले सांगतलं ओ ताई असं?" शेवट सांगायला लागले तर रेंज गेली.

१३ नोव्हेंबर

फोन बंद.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज वाचलं नाही. अश्वजित रुसला – "तिले भेव लागते तं आमाले काहून शिक्षा?" आत्या एवढंच म्हणाली, "तिला शेवट मिळाला नाही, तर तिच्यापुरतं ते भूत खरंच आहे." पुढच्या रविवारी स्वतः जाऊन शेवट सांगायचं ठरवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी फोन लागला! निकिताला सगळा शेवट सांगितला – भूत नाही, भाचा. ती खुदकन हसली. किती हलकं वाटलं मला.

मग म्हणाली, "म्हंजे इथंबी कोणी लपून राह्यते, ताई! लाइट गेली की मशीन बंद, मंग आपोआप सुरू. आई उसात गेली की मी पट्ट्यामागं घुसून पाहीन. पकडतोच त्याले."

"निकिता, नको –" फोन कट.

लाइट गेली तरी मशीनचं बटण चालूच राहत असणार. लाइट आली की पट्टा फिरणार. मागे कोणी नाही. तीच असेल.

आईचा फोन लागत नाही. त्यांना तोडीला नेणारा मुकादमही उचलत नाही.

रविवार नाही. उद्या, गुरुवार, २० नोव्हेंबर. पहिल्या एसटीने.