शेजारच्या सीटचा ब्रेक

३ मार्च
आज पाठीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्यांना ‘सवय’ म्हटलं. पुढे जाऊन ‘व्यसन’सुद्धा म्हणाल्या. मी ड्रायव्हिंग स्कूलचा सगळ्यांत जुना मास्तर, सभ्य माणूस, म्हणून ऐकून घेतलं. मागे त्यांनीच तर लिहून दिलं होतं, ‘गरज पडल्यास एक’. गरज नसताना मी एकही घेतलेली नाही. पाठ दुखली, ही गरज. दुखेलसं वाटलं, ही सावधगिरी. अजिबात दुखत नाही, म्हणजे गोळी लागू पडली. मग ती चालू ठेवणं ही शिस्त. यात सवय कुठे आली?

आता म्हणे हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत, आणि पाकीट बायकोच्या ताब्यात. लोकांना ब्रेक मारायला शिकवण्यात माझे केस पिकले. मला कोण शिकवणार!

४ मार्च
निर्धार. हळूहळू वगैरे नेभळटांसाठी. उद्यापासून बंद म्हणजे बंद. बाईंना माझी विलपॉवर ठाऊक नाही.

५ मार्च, सकाळ
झकास. लोक उगाच बाऊ करतात.

दुपार
जांभया. नाक गळतंय. घाम. पाय स्वस्थ राहत नाहीत. सर्दी असणार, शिकाऊ लोक खिडक्या उघड्या ठेवतात. माझ्याकडे शिकणाऱ्या बँकेतल्या मॅडमनी भर चौकात गाडी बंद पाडली. मी ओरडलो, त्या रडल्या. मग मीही रडलो. सर्दीमुळे.

संध्याकाळ
बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. एकदम बंद का केलं म्हणून त्यांनी मला चांगलं झापलं. थोडक्यात, गोळी घ्या असा वैद्यकीय आदेशच आला! बायकोने एक दिली. गाडीच्या कप्प्यात योगायोगाने एक पाकीट सापडलं, त्यातल्या आणखी दोन घेतल्या. डॉक्टरांचा शब्द माझ्याच्याने मोडवत नाही.

९ मार्च
योगायोग संपला. औषधांच्या तिसऱ्या दुकानात गेलो. एकाच दुकानदारावर भार कशाला? काउंटरवरचा म्हणाला, काका, ही चिठ्ठी गेल्या वर्षीची आहे. चिठ्ठीचं काही वाटलं नाही, ‘काका’ झोंबलं. चौथ्या दुकानात माणुसकी अजून शिल्लक होती.

१२ मार्च
मुलीला गाडी शिकायची आहे, आणि ती माझ्याकडूनच. गहिवरून आलं. बायको म्हणाली, तुमच्या शेजारी मी तिला बसवणार नाही. मुलीने तोड काढली, बाबाने शपथ घ्यायची. घेतली. आईच्या हातची तेवढी, वर एकही नाही. मग मुलीने खिसे दाखवायला लावले. बापाला! दाखवले. रिकामे होते. गाडीचा कप्पा हा काही खिसा नव्हे.

१४ मार्च
पहिला धडा. पोरीचा हात हलका आहे, क्लच सोडते ते कळतसुद्धा नाही. माझ्यावर गेली आहे. चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायची होती. धक्के बसतात, पाठीचा विचार करून आधीच दोन घेऊन ठेवल्या. ती पेट्रोलपंपावर हवा भरत होती तेव्हा.

पुढचं नीट आठवत नाही. मुलीच्या मते मी घोरत होतो. मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. तेवढ्यात ती ‘बाबा, ब्रेक!’ म्हणून किंचाळली. पुढे बस थांबलेली. माझ्या बाजूला जादा ब्रेक आहे, तो याच कामासाठी. पाय तिथेच होता, फक्त आपला वाटत नव्हता. शेवटी तिनेच तिच्या बाजूचा दाबला. बस हातभर अंतरावर राहिली.

डोळे पुसायला फडकं शोधताना तिने कप्पा उघडला. पाकिटं तिच्या मांडीवर पडली. तिने गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि घरापर्यंत चालत गेली. मी मागून. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. बसपेक्षा मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटली.

१५ मार्च
तिने स्कूलच्या मालकांना सगळं सांगितलं. घरभेदी! मालकांनी मला गाडीवरून उतरवून वर्गात बसवलं, वाहतुकीच्या खुणा शिकवायला. एका अर्थी बढतीच. पंखा आहे, खुर्ची आहे. ‘पुढे धोका’ची पाटी दाखवली तर मागच्या बाकावरच्या बँकेतल्या मॅडम खुदकन हसल्या.

२१ एप्रिल
मुलगी टेस्ट पास झाली. शिकवलं दुसऱ्या मास्तराने, ज्याला मी ‘हॉर्न’ म्हणतो. लायसन्स हातात पडल्यावर पहिली फेरी कुठे, तर मला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात. पुढे आई बसली. मला मागे बसवलं, वर बेल्ट लावायला सांगितलं. वळणावर मी दोन सूचना केल्या. आरशातसुद्धा बघितलं नाही तिने.

केंद्रातल्या सिस्टरना सांगितलं की मी फक्त मुलीच्या समाधानासाठी आलोय, दोन दिवसांत निघेन. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात, आणि माझी बॅग तपासून आतलं खोकल्याचं औषधही काढून घेतलं.

निघताना मुलीला म्हणालो, सुटलो की तुला घाटात गाडी चालवायला शिकवतो. ती म्हणाली, आधी बाहेर तर ये, न्यायला मीच येईन. मी विचारलं, तेव्हा शेजारी बसू देशील? मला खरंच विचारायचं होतं. डोळे पुसले, आणि या वेळी सर्दी नव्हती.

ती म्हणाली, बघू.

लहानपणी ती काही मागायची तेव्हा मी हेच म्हणायचो. त्याचा अर्थ ‘नाही’ असा असायचा.