भरलेली गाडी चढ टाळते

१६ ऑक्टोबर २००६, सोमवार

काय घडलं ते क्रमाने :

१. शुक्रवारी, १३ तारखेला, आमच्या कंपनीची नऊ गिऱ्हाइकं उत्तर फ्रान्समधल्या एका गावरस्त्यावर सायकल चालवत होती.
२. आमच्या माहितीपुस्तकात त्या रस्त्यापुढे ‘शांत, जवळजवळ वाहनं नाहीत’ असं छापलं आहे.
३. सकाळी नऊ ते अकरा या वेळात त्यांनी एकसष्ट ट्रक मोजले. ट्रकमध्ये साखरेचं बीट. रस्त्यावर बीटाबरोबर आलेला चिखल.
४. त्यांच्यातली मार्गो, वय ६३, चिखलावरून घसरली. डावं मनगट मोडलं.
५. तो रस्ता मी निवडला.
६. मी फ्रान्स पाहिलेला नाही.

१७ ऑक्टोबर

कॅरल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आमची सायकल-सहलींची कंपनी म्हणजे पाच माणसं आणि न्यू जर्सीतल्या एका सायकल-दुकानाचा वरचा मजला. कॅरल मालकीण. मी नकाशे आणि आकडे.

पद्धत पुन्हा सांगितली. तिथले जिल्हे रस्त्यांवरची वाहनं मोजतात, वर्षाची सरासरी काढतात. रोजची तीनशेच्या आत असेल तोच रस्ता मी घेते. या रस्त्याची २७८. आकडा बरोबर आहे. तीनदा तपासला.

“आकडा बरोबर आणि मनगट मोडलेलं,” कॅरल म्हणाली. “डेव्ही, रस्ता कागदावर कळत नाही. तीन वर्षं सांगतेय, एकदा जाऊन चालवून ये.” (देवयानी म्हणायला तिला जमत नाही.)

मी म्हटलं, व्हिसा. देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का लागतो, तो मिळेलच असं नाही. कारण खरं आहे. पुरेसं आहे.

निकाल : ऑक्टोबरची सहल बंद. जानेवारीच्या मीटिंगपर्यंत मी काही पटण्यासारखं आणलं तर ठीक. नाहीतर रस्ते दुसरं कोणी ठरवेल, मी फक्त वेबसाइट सांभाळायची.

मला वेबसाइट सांभाळायची नाही. हे फक्त इथे लिहिते.

१९ ऑक्टोबर

चौथ्यांदा तपासला. २७८.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

रत्ना — माझी रूममेट, नागपूरची — ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून चकल्या घेऊन आली. मी सगळं सांगितल्यावर हसत सुटली. “यार, न पाहिलेल्या देशाचे रस्ते विकतेस तू! एवढा कॉन्फिडन्स मला इंटरव्ह्यूत हवा होता.” चकली मऊ होती. ते मी बोलून दाखवलं. “तुझ्या रस्त्यापेक्षा बरी आहे,” म्हणाली.

सकाळी इस्लामपूरला फोन केला. आई घाईत बोलली, मग बाबांकडे दिला. बाबा तिकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत, एकतीस वर्षं. ऊस घेऊन येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यासमोर थांबते.

“बॉयलर पेटला बघ परवा. गाड्या सुरू झाल्या. आता मार्चपर्यंत रस्ता आपला नाही!”

दर वर्षी हेच वाक्य. लहानपणापासून ऐकलेलं. मी “हो” म्हटलं. फोन ठेवला. आणि उभीच राहिले.

हंगाम!

वर्षाच्या सरासरीत हंगाम दिसत नाही. आमच्या गावच्या रस्त्याची सरासरी काढली तर तोसुद्धा शांत निघेल. ऊसपट्ट्यात वाढलेल्या मुलीने ही चूक करावी! दुसऱ्या कोणाला माफ होती. मला नाही.

२२ ऑक्टोबर

हिशेब केला. बीटाचा हंगाम साधारण ८० दिवस. त्या दिवसांत ट्रकच्या रोज ४०० फेऱ्या धरल्या, तर उरलेले २८५ दिवस रोज १९० वाहनं, आणि हंगामात ५९०. सरासरी? २७८!

आकडा खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

५ नोव्हेंबर

पण कोणता रस्ता घ्यायचा, हे अजून कळत नाही. बीटाच्या कारखान्याभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आत शंभरावर लहान रस्ते. दर महिन्याची मोजणी कोणाकडेच नाही.

बाबांना पुन्हा फोन. यावेळी कामाचा.

“तिकडं ऊस होतो होय गं?”
“बीट, बाबा.”
“कोशिंबिरीचं?”
“नाही, पांढरं. साखरेचं.”
“उतारा किती?” शंभर किलोतून किती साखर निघते, हा त्यांचा पहिला प्रश्न. सतरा सांगितले. “सतरा! आणि आम्ही बारा लागला की पेढे वाटतो!”

मग नीट ऐकून घेतलं त्यांनी सगळं. मनगटाचंही. आणि म्हणाले ते जसंच्या तसं लिहून ठेवते :

“भरलेली गाडी चढ टाळते. लांब पडलं तरी सपाटीनं येणार. रिकामी गाडी मात्र जवळची वाट धरते, ड्रायव्हरला पुढच्या खेपेची घाई. तू दोन्ही सोड. तिसरा रस्ता बघ. ज्याला चढ आहे आणि जो कुठंच लवकर पोचवत नाही.”

तीन वर्षांत इतकी चांगली अट मला सुचली नव्हती.

९ डिसेंबर

सहा दिवसांचा मार्ग तयार. ३१२ किलोमीटर. बाबांच्या दोन्ही अटी नकाशावर घातल्या, तेव्हा जिल्ह्यातले बहुतेक रस्ते गळाले. जे उरले ते वाकडेतिकडे, चढाचे, कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. सुंदर!

९ जानेवारी २००७

मीटिंग. सगळं मांडलं. वर्तुळ, चढ, हंगाम.

“हे शिकलीस कुठे?” कॅरलने विचारलं.
“वजनकाट्यावर.”

तिने नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, “ऑक्टोबरात, ऐन हंगामात, मी स्वतः चालवणार. मार्गोला विचारते. आली तर तीही. आणि ट्रक भेटले, तर तू वेबसाइट सांभाळायची.”

मार्गो हो म्हणाली! मोडलेल्या मनगटाची बाई हो म्हणाली.

७ ऑक्टोबर २००७

त्या आज निघाल्या. मी मोजे धुतले, कपाट आवरलं, गाडीत पेट्रोल भरलं. काही उपयोग झाला नाही.

१० ऑक्टोबर

फोन नाही. रत्ना म्हणते, “नो न्यूज इज गुड न्यूज.” तिला म्हटलं, आकडेवारीत असं काही नसतं.

१४ ऑक्टोबर

फोन आला. सकाळी सात वाजता, कॅरलचा आवाज फुटत होता.

“डेव्ही! सहा दिवस. तीन ट्रक!”
“बीटाचे?”
“दोन. तिसरा विटांचा होता.”

मग मार्गोने फोन ओढून घेतला. चढांबद्दल मला दोन शिव्या दिल्या. आणि म्हणाली, चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी रस्त्याच्या मधोमध बसून चीज खाल्लं. रस्त्याच्या मधोमध!

रत्नाला उठवून सांगितलं. ती डोळे न उघडता म्हणाली, “पार्टी. तू देणार.” बाबांना कळवलं तेव्हा ते काट्यावर होते. मागे ट्रॅक्टर धडधडत होते. त्यांनी ‘तीन’ हा आकडा दोनदा वदवून घेतला आणि शेजारच्या कोणाला तरी मोठ्याने सांगितला.

जिंकले. एवढंच लिहिते, जास्त लिहायची सवय नाही.

३ मार्च २००८

नवं माहितीपुस्तक आलं. पान अकरा. ‘मार्ग : देवयानी’. पूर्ण नाव, स्पेलिंग बरोबर. कॅरल ते तीन तुकड्यांत तोडून म्हणायची प्रॅक्टिस करते आहे.

ऑक्टोबरची सहल भरली, चौदाच्या चौदा. कॅरलने दोन जादा जागा काढल्या, कंपनीतर्फे. “तू आणि तुला आणायचं असेल ते कोणी. आता कारण सांगू नकोस.” डिसेंबरात घरी गेले होते तेव्हा मुंबईला नवा शिक्का मिळाला, हे तिला माहीत आहे. व्हिसाचं कारण संपलं.

“तू कोणती सायकल चालवतेस? तशीच तिथे ठेवायला सांगते.”
मी म्हटलं, कळवते.

६ एप्रिल २००८

बाबांना पत्र. फोनवर बोलता येणार नाही. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते.

“ती. बाबांना सा. न.

मला अजून सायकल येत नाही. इथे हे कोणालाही माहीत नाही.

तुमची काही चूक नाही. मी दांडीवर बसायची तेव्हा दर वर्षी तुम्ही म्हणायचात, हंगाम संपू दे, मग शिकवतो. हंगाम संपला की माझी परीक्षा असायची, मग पाऊस, मग पुन्हा ट्रॉल्या. रस्ता कधी आपला झालाच नाही. आता एक आहे. भर हंगामात सहा दिवसांत तीन ट्रक येतात. तुम्हीच सांगितलेला, तिसरा.

जूनमध्ये तुम्ही रिटायर होताय. यंदा बॉयलर तुमच्याशिवाय पेटेल. ऑगस्टमध्ये इकडे या. घरामागच्या शाळेचं पार्किंग शनिवार-रविवारी रिकामं असतं, तिथे मागून सीट धरा. ऑक्टोबरात आपण दोघं फ्रान्सला जाऊ. माझं जमलं नाही तरी तुमचं जमेल, आणि मी कॅरलला खरं सांगेन.

तुमच्या अमेरिका आणि फ्रान्स, दोन्ही व्हिसांचे कागद करायचे आहेत. येताय की नाही, ते ३० एप्रिलपर्यंत कळवा.

देवयानी”