प्राणवायूच्या शेडीतला माझा अग्निबंदोबस्त

आश्विन शुद्ध प्रतिपदा, शके १८१६. नौपाडा, ठाणे.
घट बसले. मुहूर्त साधून नवी डायरी सुरू केली. आजपासून मी पुतण्या गुरुदत्त याच्या प्राणवायूच्या शेडीचा फायर सुपरिंटेंडेंट. हुद्दा मीच सुचवला. तो नको म्हणाला नाही. त्याची बायको सुमती म्हणाली, तात्या दिवसभर शेडीवर बसणार असतील तर फारच छान, घरात दिव्याने दोन चादरी जळल्या तेवढ्या पुरे. माझ्यावरचा तिचा विश्वास पाहून भरून आलं.

काम असं. बाहेर भट्टीवर पोटॅशचा क्षार तापवतात. त्यातून निघालेला प्राणवायू नळीने आत येतो आणि गडी काळुराम तो हातपंपाने लोखंडी सिलिंडरात कोंबतो. त्याच्या जोरावर, काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणाऱ्या मॅजिक लँटर्नचा चुन्याचा दिवा असा लखलखतो की भिंतीवरचा हत्ती जिवंत वाटावा. दसऱ्याला संध्याकाळी कल्याणात खेळ ठरलाय. शेडीची जागा शेजारच्या अण्णांची. त्यांनी बजावलंय, एकदा जरी आग दिसली तरी जागा खाली करा. शेड गेली तर गुरुदत्त कुठेतरी कारकून होणार, मी पुन्हा सुमतीच्या ओटीवर. सगळा भार माझ्यावर आहे.

द्वितीया. सकाळ.
गुरुदत्ताने भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलाय. काडी नको. विडी नको. क्षारात कोळशाची भुकटी नको. पंपाला आणि तोटीला तेलाचं बोट नको. कोंडलेल्या प्राणवायूत तेल आपोआप पेटतं, मग लोखंडसुद्धा जळतं, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं मास्तरकी केली, लोखंड जळालेलं पाहिलं नाही. पोरगं पुस्तकं वाचून जरा वाढवून सांगतं.

खरा दोष म्हणजे नियम गद्यात आहेत. गद्य कोणाच्या लक्षात राहतं? आमच्या शाळेत नद्या, राजे, पावकी-दिडकी, सारं चालीवर होतं. आज साठ वर्षांनीही झोपेतून उठवून विचारा.

दोन प्रहर.
भुजंगप्रयातात दोन चरण झाले.
नको पेटती काडि शेडीत कोठे
विडीचे नको झूरके स्वस्थ ओठे
झुरक्याला जरा ओढावं लागलं. झुरकाच तो, ओढायचाच असतो.

तृतीया.
कोळसा बसला. तेल बसेना. नुसतं 'तेल' म्हटलं की वाण्याच्या दुकानाचा वास येतो. 'स्निग्ध पदार्थ' घालून पाहिलं, वृत्त मोडलं. शेवटी चौथा चरण असा केला:
सदा सावधानी वसो या ठिकाणी
सावधानी म्हटलं की तेल त्यात आलंच. गुरुदत्ताचा कागद काढून तिथे श्लोक डकवला. काळुराम आणि झाडलोट करणारी ठमाबाई यांना चालीवर म्हणून दाखवला. काळुराम पंप मारत राहिला. ठमाबाईने हात जोडले आणि विचारलं, मास्तर, प्रसाद कवा?

पंचमी.
काळुरामवर संशय येतो. पंपामागे एक मडकं ठेवतो, वर फडकं. त्यात बोटं बुडवून पंपाच्या चामड्याला काहीतरी चोळतो. मी पाहिलं की फडकं ओढतो. रॉकेल असणार. अण्णांना ही जागा भाताच्या वखारीला हवी आहे, हे सगळ्या नौपाड्याला ठाऊक. आग लागली की काम झालं. ठमाबाईला आडून विचारलं. म्हणाली, मास्तर, नाक घाला नि बगा. इतक्या सहज सांगते म्हणजे तीही सामील. मी नाक घातलं नाही.

षष्ठी.
घातलं. काळुराम जेवायला गेला होता. रिठ्याचं पाणी आहे.

संशय वाढला. यंत्राला तेलाऐवजी रिठा कोण लावतं? शिवाय पंप भयंकर कुरकुरतो. कुरकुर म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे अग्नी. ऋषींनी लाकडावर लाकूड घासूनच अग्नी काढला. खरा धोका काडीत नाही, कुरकुरीत आहे. गुरुदत्ताला सांगितलं. तो चित्रांच्या काचा पुसत होता, म्हणाला, बरं बरं तात्या. संमती मिळाली.

मग त्यानेच सांगितलं, विलायतेत प्राणवायू इतका थंड करतात की त्याचं पाणी होतं, फिकट निळं. कधीतरी आपणही करू, म्हणाला. मला शाळेतल्या दौती आठवल्या. शाई संपत आली की आम्ही पाणी घालायचो, अगदी तसाच रंग.

अष्टमी.
पहाऱ्यावर डोळे मिटून विचार केला. ठमाबाई म्हणते विचार घोरत होता.
जागा झालो, म्हणजे विचार संपला, तर बंडीच्या खिशात काड्यापेटी. माझ्या नकळत कोणीतरी घातली असणार. माझ्यावर आळ आणायचा बेत आहे. अण्णाही कुंपणावरून दोनदा वास घेऊन गेले.

नवमी. खंडेनवमी.
घरोघरी हत्यारं धुऊन, तेल लावून पुजली. काळुराम कोयता पुजायला गावी गेलाय. गुरुदत्त कल्याणला, देवळाचा सभामंडप बघायला. ज्या पंपावर आमचं पोट, त्याची आठवण कोणाला नाही. मला आहे.

रिठ्याचं पाणी पुसून काढलं. चामड्याला, दांड्याला, सिलिंडराच्या तोटीत आतपर्यंत बोट घालून गोडेतेल चोळलं. हळदकुंकू, झेंडूची माळ. निरांजन लावलं नाही, उदबत्तीही नाही. नियम म्हणजे नियम. पंप मारून पाहिला. कुरकुर बंद. आगीचं मूळच उपटलं.

दशमी. दसरा. सकाळ.
आज विजयाचा दिवस. सिलिंडर तपासून कल्याणला न्यायचं आहे. तोटी माझ्या हातून उघडावी असं मी गुरुदत्ताला सुचवलं. तो हो म्हणाला.

दोन प्रहर.
तोटी फिरवली. फुस्स झालं आणि तिच्या तोंडातून हातभर ज्वाळ निघाली. माझं पागोटं पेटलं, डावी मिशी गेली. गुरुदत्ताने मला मागे ओढलं. काळुरामने ओलं गोणपाट टाकून तोटी बंद केली. ठमाबाईने घागर ओतली, बरीचशी माझ्यावर. त्याच क्षणी अण्णा सोनं द्यायला आले होते. आपट्याचं पान हातात धरून तसेच उभे राहिले.
तोटीचं पितळ वितळलंय. लोखंडाबद्दल अजून काही सांगता येत नाही.

एकादशी.
गुरुदत्ताने विचारलं, तेल कोणी लावलं? मी काळुरामवरचे सगळे संशय क्रमाने मांडले. बोलून झाल्यावर लक्षात आलं, सगळे पंपावरच्या हळदीच्या बोटांकडे आणि मग माझ्या धोतराकडे पाहत होते. तिथेच मी हात पुसले होते.

कल्याणचा खेळ रॉकेलच्या दिव्यावर झाला. हत्ती लोकांना गोधडी वाटला. तिथले लोक म्हणाले, पुन्हा दिवाळीत या, उजेड घेऊन.

द्वादशी.
आग तेलाची होती, शेडीची नव्हे, हे गुरुदत्ताने पटवल्यावर अण्णांनी शेड राहू दिली. अट एकच, मास्तर कुंपणाच्या आत दिसता कामा नयेत. माझ्या प्रकृतीची काळजी, दुसरं काय. मी पहाऱ्याला बसायचो त्या स्टुलावर काळुराम आता मडकं ठेवतो. सुमतीने माझा दिवा उचलून नेला, काड्यापेटीही.

त्रयोदशी.
पहाटे अंथरुणातच सुचलं.
नको तेल पंपास थेंबाभरीही
एका दमात बसलं. वाण्याचा वासही आला नाही. तसाच उठून गेलो आणि कुंपणाबाहेरून चालीवर म्हटलं. पंप आत पुन्हा कुरकुरत होता. ठमाबाई म्हणाली, ह्ये आदी म्हनला असतात तर अर्दं तोंड वाचलं असतं.

एकीकडची मिशी बरी दिसेना, म्हणून न्हाव्याकडून उरलेलीही उतरवली. घरी येताना वाटेत तिघांनी थांबवून हळू आवाजात विचारलं, मास्तर, घरात कोण गेलं?
फायर सुपरिंटेंडेंट गेले, असं काही मला सांगता आलं नाही.