हिरवी जीटी कोणाची

मी, कौसल्या रूपराव मेश्राम, वय शहात्तर, राहणार मनीषनगर, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तशी गरजच पडली नव्हती.

राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी मुलगा धम्मानंद याला द्याव्यात. दागिने नात गुंजनचे. माझे मोटार ड्रायव्हिंग स्कूल व त्याच्या दोन्ही गाड्या रीना वासनिक हिला द्याव्यात. गुडघे कुरकुरू लागल्यापासून मी तिथे फक्त खुर्चीवर बसते, स्कूल तीच चालवते. पाटीवरचे माझे नाव तिने खुशाल पुसावे.

यजमानांचे थोरले बंधू लग्नानंतर म्हणाले होते, "बाई गाडी चालवून राहिली तं घर कोन चालवीन?" घर चालले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वाटाही नाही.

आता हिरवी जीटी.

दोन दरवाजांची, दोन सीटांची ही शर्यतीची गाडी १९६३ साली विलायतेहून कलकत्त्याला आली. चहा कंपनीचा एक साहेब ती बराकपूरच्या विमानतळावर शर्यतीत पळवी. तो मायदेशी परतताना मँगनीज खाणीचे मालक विश्वनाथराव डबीर यांनी ती विकत घेऊन नागपुरात आणली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ते एकदा तिसरे आले. पुढच्या वर्षी टायर फुटून गाडी गवताच्या गंज्यांत घुसली आणि तिचे नाक चेपले. त्यांच्या आईने अन्न सोडले, तेव्हा त्यांनी शर्यत सोडली.

माझे यजमान रूपराव त्यांच्या खाणीचे ट्रक दुरुस्त करीत. डबीरसाहेब त्यांना म्हणाले, "भंगारात घालणार असशील तर देत नाही. पळवणार असशील तर घेऊन जा." रीतसर व्यवहार झाला, गाडी रूपरावांच्या नावावर चढली. सुटे भाग मिळत नव्हते. रूपरावांनी नाक हाताने ठोकून घडवले, ब्रेक अँबेसेडरचे बसवले. म्हणून गाडी अस्सल मूळची आहे, असा दावा माझ्या वारसांनी कोणापाशी करू नये.

१९७६ साली आम्ही ती शोलावरमला नेली. शर्यतीच्या सकाळी जॅक निसटला आणि रूपरावांचा उजवा हात चेपला. बोटे मिटेनात. ते गाडीला टेकून बसले, अगदी बारीक तोंड करून. हिंगण्याच्या रस्त्यावर मी ती गाडी त्यांच्याइतकीच चालवली होती. मी म्हटले, "मी बसतो." आयोजकांनी आपसांत बरीच कुजबुज केली; बाईने बसू नये असा नियम मात्र त्यांना सापडला नाही. वेणी सदऱ्यात खोचली. रूपराव खिडकीशी वाकले. "ब्रेक लवकर दाबजो वं, अँबेसेडरचे हायेत!"

पहिल्या वळणावर मी फार भ्याले. दुसऱ्यापासून इतका आनंद झाला की हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. मी दुसरी आले. कपावर अर्जातलेच नाव कोरून आले, 'श्री. आर. मेश्राम'. घरी आल्यावर रूपरावांनी खिळ्याने 'श्री'पुढे 'मती' कोरले. तो कप धम्मानंदने ठेवावा.

रूपराव गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. मागल्या वर्षी डबीरसाहेबांची नात चिन्मयी वकिलाची नोटीस घेऊन आली. गाडी त्यांच्या घराण्याची ठेव आहे, असे तिचे म्हणणे होते. मी विक्रीचे कागद दाखवले. ते खोटे आहेत, असे ती म्हणाली. मग मी तिला गाडीत बसवून पारशिवनीपर्यंत नेले. परतताना तिने विचारले, "आजी, आजोबांना घरात कोणी गाडीचं नावही काढू देत नव्हतं. ते कशी चालवायचे हो?" मला माहीत होते तेवढे सांगितले. आठवड्याने नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले आणि त्याच्याबरोबर संत्र्यांची पेटी. जुने मूळचे लाकडी स्टिअरिंग, ज्यावर डबीरसाहेबांचे हात होते, ते मी चिन्मयीला देत आहे.

गाडीवरून घरातही वाद झाला. धम्मानंद म्हणाला, "आई, गाडी विकत मागणारा मुंबईचा तो माणूस तिले काचेच्या खोलीत ठेवीन म्हणते. एसी लावून."

"गाडीले एसी काहून? तिले काय झोपाचं आहे?"

"आणि तुह्यानंतर कोन चालवीन?"

सून मेघा पोळ्या लाटत होती. तिने लाटणे खाली ठेवले. "मी चालवीन. आईंनीच शिकवलं मले. तुम्हाले कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही."

धम्मानंदने तिच्यासमोरची पोळी उचलून तव्यावर टाकली. मग म्हणाला, "मंग काचेची खोली राहू दे."

सबब हिरवी जीटी, रूपरावांच्या सर्व अवजारांसह, सून मेघा धम्मानंद मेश्राम हिला एकटीला देत आहे. तिने ती रस्त्यावर चालवावी. ओरखडे आले तर आले.

माझ्या मागे बुद्धवंदना घ्यावी, भाषणे नकोत. माझे बरे झाले. नवरा आवडीचा मिळाला, काम आवडीचे मिळाले.

दस्त नोंदवण्यासाठी आज कचेरीत मी स्वतः हीच गाडी चालवीत आले आहे.

नागपूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५
सही: कौसल्या रूपराव मेश्राम

साक्षीदार:
१. विक्रम गोडबोले, शेजारी, मनीषनगर
२. डॉ. अरुंधती पाठक. लिहून देणाऱ्या बाईंची प्रकृती मी तपासली, ठणठणीत आहे. माझी सही हलली आहे, कारण मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आले.